मांजराच्या पंजातला लिस्ट

चेन्नईत मुलांच्या कानांची मशागत फार लवकर सुरू होते. पहाटे गाण्याच्या बाईंकडे ‘सरळी वरिसै’, संध्याकाळी कीबोर्डचा क्लास. अण्णा सालईवर 1842 पासून चालत आलेलं ‘म्युझी म्युझिकल’ आहे; लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांना ते पाठ असतं. अशा गावात 1995 साली कार्टून नेटवर्क आलं आणि घरोघरी भांडणं लागली. “बंद कर ते, रियाझाला बस!” तमिळ घर असेल तर रियाझाऐवजी ‘साधकम’, ओरडा तोच.

गंमत म्हणजे, बंद व्हायचा तोही बऱ्याचदा उत्तम पियानोच असायचा! ‘द कॅट कॉन्सर्टो’मध्ये टॉम बोका कोट घालून ऐटीत पियानोवर बसतो आणि आत झोपलेल्या जेरीची झोपमोड होते. पुढचा सारा दंगा घडतो तो फ्रान्झ लिस्टच्या दुसऱ्या हंगेरियन रॅप्सडीवर. संवाद जवळजवळ नाहीतच. 1947 मध्ये या छोट्या चित्रपटाला ऑस्कर मिळालं. टॉमची बोटं नीट पाहावीत. बऱ्याच ठिकाणी ती नेमक्या त्याच सुराच्या पट्टीवर पडतात.

हे आपोआप होत नसे. फिल्मवर सेकंदाला 24 चित्रं. बारा चित्रांना एक ठोका धरला की मिनिटाला 120 ठोके. हा हिशेब आधी मांडूनच चित्रकार उंदराची उडी काढायचा. मृदंग शिकणाऱ्या पोराला हे समजावून सांगावं लागणार नाही.

स्टुडिओंचा यात स्वार्थही होता. लिस्ट 1886 मध्येच वारलेला, त्यामुळे स्वामित्वधनाची कटकट नव्हती आणि वाद्यवृंद पगारी होता. शिवाय वॉर्नर ब्रदर्सचे कार्ल स्टॉलिंग मूकपटांच्या काळात थिएटरात ऑर्गन वाजवत असत. प्रसंगाला साजेशी चाल त्यांच्या हाताशी तयारच असे.

थोर संगीताची ही थट्टा, असं कुणी म्हणेल. थट्टा आहेच. पण वादक मात्र थट्टेने वाजवत नाहीत, आणि मुलाच्या कानात उरतो तो वादकाचा सूर.

मद्रासला तर ही उलाढाल जुनीच. दोनशे वर्षांपूर्वी सेंट जॉर्ज किल्ल्यातल्या गोऱ्यांच्या बँडच्या चाली मुथुस्वामी दीक्षितरांच्या कानी पडल्या, असं सांगतात. त्यांचे धाकटे बंधू बालुस्वामी व्हायोलिन शिकले, तर तिकडे तंजावरला आपल्या सरफोजीराजांनी पाश्चात्त्य बँडच पदरी ठेवला. दीक्षितरांनी त्या परक्या चालींवर संस्कृत शब्द बसवले. इंग्रजांच्या राष्ट्रगीताच्या चालीवर चक्क देवीची स्तुती! ‘नोट्टुस्वर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या सोप्या रचना चेन्नईत आजही लहान मुलांना शिकवल्या जातात, आणि त्या ऐकताना घरातलं कुणीही ओरडत नाही.