शेवटची तारीख, पहिल्याच दिवशी

ऑक्टोबर उजाडला की मला दोन गोष्टींचे वेध लागतात. एक, दिवाळी अंक. आणि दुसरी, पायथॉन! घाबरू नका, सापाबिपाचा काही संबंध नाही. पायथॉन ही कॉम्प्युटरची भाषा आहे आणि दिवाळी अंकासारखीच तिची नवी आवृत्ती वर्षातून एकदा येते. २०२० पासून दर ऑक्टोबरात. ३.१३ आली ७ ऑक्टोबर २०२४ ला, ३.१४ आली ७ ऑक्टोबर २०२५ ला. इतकी वक्तशीर वस्तू मी माझ्या फ्रीलान्सिंगच्या आयुष्यात दुसरी पाहिलेली नाही. माझे चेक तर नाहीच नाही.

आता तुम्ही म्हणाल, मास कॉमवाल्या पोरीला हे काय सुचलं? गोष्ट साधी आहे. हल्ली आम्हा पत्रकारांना माहिती मिळते ती गठ्ठ्यानं. वॉर्डवार याद्या, शेकडो पानांची पीडीएफ, प्रत्येक पानावर एक तक्ता. हातानं कॉपी-पेस्ट करत बसलं तर स्टोरी शिळी होते. माझी रूममेट आयटीतली. तिनं एका रविवारी पोह्यांची प्लेट बाजूला सारून पायथॉनच्या वीस-पंचवीस ओळी लिहून दाखवल्या आणि माझं दोन दिवसांचं काम चहा गार व्हायच्या आत झालं. तेव्हापासून मी जाम फिदा आहे. प्रोग्रामर झाले नाही; पण त्या भाषेच्या गावात काय चाललंय, याच्या बातम्या मात्र शेजारच्या वाड्यातल्या भानगडी ऐकाव्यात तशा चवीनं वाचते.

हे गाव वसलं ते सुट्टीत. १९८९ च्या नाताळात अ‍ॅमस्टरडॅमच्या एका संशोधन संस्थेत काम करणाऱ्या गिदो व्हॅन रॉसमचं ऑफिस आठवडाभर बंद राहणार होतं. काहीतरी छंद हवा म्हणून त्यानं एक भाषा लिहायला घेतली. नाव दिलं 'मॉन्टी पायथॉन' या ब्रिटिश विनोदी मंडळींच्या टीव्ही मालिकेवरून. १९९१ मध्ये ती सगळ्यांसाठी खुली केली. ओपन सोर्स म्हणजे काय, तर रेसिपीसकट दिलेला पदार्थ. खा, बदला, सुधारून परत द्या, पैसे कुणी मागणार नाही. आज तिच्यावर जगभरची माणसं राबतात. काही पगारी आहेत, पण बरेचजण ऑफिस सुटल्यावर, पोरं झोपल्यावर बसणारे. आपल्याकडेही हेच. पायथॉनवाल्यांचं भारतातलं वार्षिक संमेलन, पायकॉन इंडिया, २००९ मध्ये बंगळुरूत सुरू झालं आणि २०११ मध्ये आपल्या पुण्यातही भरलं. ते उभं राहतं स्वयंसेवकांच्याच जिवावर.

"फुकट? मग थकत नाहीत का ती माणसं?" हा माझ्या बाबांचा प्रश्न. बाबा बँकेतून रिटायर झालेत, हिशेबाला पक्के. प्रश्न एकदम बरोबर होता. थकतात. आणि थकायच्या आत थांबायचं कसं, हे ती माणसं हळूहळू शिकली. मला त्यांच्या बातम्यांमध्ये सगळ्यात जास्त भावलेली गोष्ट ती हीच.

शिकण्याची फी मात्र सॉलिड भरावी लागली. डिसेंबर २००८ मध्ये पायथॉन ३ आली आणि जुन्या आवृत्तीतले कित्येक प्रोग्रॅम तिच्यात चालेनात. स्क्रीनवर साधं काही छापायचं तरी आता कंस टाकायला हवा! लोक वैतागले. पण या मोडतोडीमागचं एक मोठं कारण आपल्या जिव्हाळ्याचं होतं: लिप्या. पायथॉन २ ला 'मराठी' या शब्दाची लांबी सरळ विचारली, तर उत्तर यायचं १५. कारण ती मोजायची बाइट. पायथॉन ३ सांगते ५: म, र, काना, ठ, वेलांटी. आपण मोजतो तीनच. पण निदान काना-वेलांटीची तिला ओळख तरी पटली. प्रोग्रॅममधल्या गोष्टींना 'नाव', 'रक्कम' अशी देवनागरी नावंसुद्धा देता येतात. माझ्या वॉर्डांच्या याद्या ज्या सुखानं वाचल्या जातात, ते सुख त्या मोडतोडीतून आलंय.

तरी जुनं घर सोडवतं का कुणाला? पायथॉन २ ची देखभाल २०१५ मध्ये थांबवायची असं ठरलं होतं. २०१४ मध्ये ती तारीख पाच वर्षांनी पुढे ढकलली: १ जानेवारी २०२०. त्यानंतर मात्र नाही म्हणजे नाही. आवराआवरीची म्हणून एप्रिल २०२० मध्ये एक शेवटची आवृत्ती निघाली आणि विषय संपला.

आता ते हा घोळच ठेवत नाहीत. नवी आवृत्ती येते तेव्हा तिची शेवटची तारीख आधीच ठरलेली असते. आयुष्य पाच वर्षांचं. ३.१४ चं ऑक्टोबर २०३० पर्यंत. पहिली दोन वर्षं सगळ्या दुरुस्त्या, पुढची तीन वर्षं फक्त सुरक्षेपुरत्या. मग राम राम. मोठे बदलही आता एकदम अंगावर येत नाहीत. एकाच प्रोग्रॅममधली अनेक कामं एकाच वेळी करायची म्हटली, तर पायथॉनमध्ये सगळ्यांना एका किल्लीसाठी रांग लावावी लागायची. चाळीतल्या एकुलत्या एका नळासारखी! ही रांग नसलेली पायथॉन २०२४ मध्ये प्रयोग म्हणून दिली. २०२५ च्या ३.१४ मध्ये तिला अधिकृत मान्यता मिळाली, पण सक्ती नाही. ज्याला हवी त्यानं घ्यावी.

भाषेनं शिकलेलं तिच्या जन्मदात्यानंही केलं. गिदोला तिथे गमतीनं एक पदवी होती: तहहयात दयाळू हुकूमशहा. वाद कितीही पेटो, शेवटचा शब्द त्याचा. २०१८ मध्ये एका इवल्याशा चिन्हावरून, अपूर्णविराम आणि पुढे बरोबरचं चिन्ह, एवढ्यावरून रणकंदन झालं. प्रस्ताव त्यानं मंजूर केला आणि जुलैमध्ये जाहीर करून टाकलं, बास, आता मी थकलो, इथून पुढे तुमचं तुम्ही बघा. वारसदारही नेमला नाही. लोकांनी मतदान करून पद्धत ठरवली. २०१९ पासून पाच जणांचं मंडळ कारभार बघतं. दर नव्या आवृत्तीनंतर पुन्हा निवडणूक आणि एका कंपनीचे दोनपेक्षा जास्त लोक नकोत. बोला! आपल्याकडे गणेश मंडळाचा अध्यक्ष तरी इतक्या सहज खुर्ची सोडतो का?

थांबण्याचा अर्थ कधीकधी नाही म्हणणं असाही असतो, हे २०२५ मध्ये दिसलं. पायथॉनचा आर्थिक कारभार बघणाऱ्या पायथॉन सॉफ्टवेअर फाउंडेशनला अमेरिकन सरकारच्या विज्ञान निधीतून १५ लाख डॉलर मिळणार होते. संस्थेचं वर्षाचं एकूण बजेटच ५० लाख डॉलरच्या आसपास. पण सोबत अट आली की, विविधता आणि समावेशाला चालना देणारं कुठलंच काम संस्थेनं करायचं नाही. फक्त या पैशातून नव्हे, अजिबातच नाही. आणि अट मोडली तर दिलेले पैसेही परत मागता येणार. ऑक्टोबरमध्ये फाउंडेशननं आपला अर्जच मागे घेतला. पैशांची चणचण असताना!

ही बातमी वाचली त्या आठवड्यात मीही एक हिशेब घेऊन बसले होते. तीन वर्षं मी एका कंपनीचं अंतर्गत मासिक काढत होते. सुरुवातीचं बोलणं होतं, 'सध्या काही महिने बघ, मग माणूस नेमतोच आहोत.' माणूस काही नेमला नाही. मानधन तेच राहिलं, पानं बारावरून चोवीस झाली आणि रात्री साडेदहाचे फोन सुरू झाले, "अगं, तुलाच सगळं माहितीये ना!" माझ्या महिन्याच्या कमाईचा एक तृतीयांश भाग तिथून यायचा. त्यामुळे सोडते म्हणायला जीभ रेटत नव्हती. आणि भांडून निघून जाणं माझ्या स्वभावात नाही.

मग मी त्यांना मेल लिहिली. भांडण नाही, तक्रार नाही. 'मार्चपर्यंत मासिक मी काढीन. जानेवारीपासून पानं पुन्हा बारा. नव्या माणसासाठी कुठली फाइल कुठे, कुणाला कधी फोन करायचा, हे सगळं लिहून ठेवीन. ३१ मार्चनंतर मी नसेन.' लिहिताना मला कळलं की मी चक्क पायथॉनचं वेळापत्रक कॉपी केलंय. आधी सगळ्या दुरुस्त्या, मग फक्त अत्यावश्यक, मग राम राम.

पाठवल्यावर दोन दिवस शांतता. मग फोन, "एवढं काय झालं एकदम?" एकदम काही झालंच नव्हतं, हेच तर सांगायचं होतं. मानधन वाढवू म्हणाले. कबूल करते, मी एक अख्खी रात्र विचार केला. घरभाडं, गाडीचा हप्ता, सगळं डोळ्यांसमोर आलं. सकाळी कळवलं, तारीख तीच.

बाबांना सांगताना मी बोलणी खायच्या तयारीत होते. हातचं काम सोडणं म्हणजे त्यांच्या पिढीच्या दृष्टीनं पाप! पण बाबा चष्मा पुसत म्हणाले, "यात नवीन काय? मी बँकेत चिकटलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो. रिटायर कधी होणार, ती तारीख त्याच दिवशी माहीत होती. त्यामुळे अडतीस वर्षं निवांत काम केलं. तुमच्या पिढीला जॉइनिंग लेटर मिळतं, पण शेवट कुठे ते कुणी लिहूनच देत नाही. मग तुम्ही रात्रीबेरात्री पळत बसता."

मी म्हटलं, "म्हणून आता आपली आपण लिहायची."

"लिही," बाबा म्हणाले. "आणि एकदा लिहिलीस की पुढे ढकलू नकोस. फार तर एकदा."