ईस्टबोर्नची एक दुपार

लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनावरून निघालें म्हणजे सुमारें दीड तासांत आगगाडी ईस्टबोर्नला पोंचते. २०२५ च्या उन्हाळ्यांत भाच्याकडे मुक्काम असतां आम्ही सहकुटुंब तेथें गेलों. किनाऱ्यावर दुकानांची गर्दी जवळजवळ नाहींच. जमीनमालक कॅव्हेंडिश घराण्यानें पूर्वींच तसा बंदोबस्त करून ठेविला होता. पश्चिमेस बीची हेडचा सवापांचशें फुटांहून उंच, खडूचा पांढराशुभ्र कडा. बांकांवर मात्र जिकडेतिकडे वृद्धच.

भाच्याच्या जुन्या शेजारीणबाई येथील एका वृद्धनिवासांत राहातात. त्या आमच्याच पेशांतल्या, शाळेंत लॅटिन शिकवीत असत; तेव्हां आमच्या संस्कृतचीं व त्यांच्या लॅटिनचीं धातुरूपें जुळवितां जुळवितां चहा निवून गेला. मग त्यांनीं उशाखालची वही काढली. निवासाचें बिल आठवड्यास बाराशें पौंड! आम्हीं मनांत वर्षाचा गुणाकार केला. आपले सत्तर लाख रुपये होतात.

इंग्लंडांत १९४८ सालापासून डॉक्टर व इस्पितळ रोग्याकडून पैसे घेत नाहींत, हें आम्ही वर्गांत शिकवीत आलों. परंतु त्याच सालच्या दुसऱ्या कायद्यानें वृद्धनिवासाचा आकार ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणें घ्यावा असें ठरविलें, ही बाजू आम्हांस त्या दिवशीं कळली. शस्त्रक्रिया फुकट, पण आंघोळ घालणारा हात विकत! गांठीं २३,२५० पौंडांहून अधिक असले कीं सारा भार आपला. १४,२५० च्या आंतील शिल्लक हिशेबांत धरीत नाहींत. मधल्या रकमेवर दर अडीचशें पौंडांस आठवड्याला एक पौंड उत्पन्न मानतात. हे आंकडे २०१० पासून हाललेले नाहींत. जन्मभराच्या खर्चास ८६,००० पौंडांची मर्यादा ऑक्टोबर २०२५ पासून यावयाची होती. ती जुलै २०२४ मध्यें सरकारनें रद्द केली.

राहातें घरही मालमत्तेंत येतें. पहिले बारा आठवडे तें सोडतात. पुढें तें विकावें, किंवा स्थानिक कौन्सिलानें खर्च सोसून घरावर सव्याज बोजा चढवावा. पतिपत्नींपैकीं कोणी, किंवा साठी गांठलेला एखादा नातलग आधींपासून त्या घरांत राहात असेल, तर मात्र घर मोजीत नाहींत.

"माझी बहीण माझ्याजवळ राहिली असती, तर घर वांचलें असतें," बाई म्हणाल्या. चाळीस वर्षांचें घर त्यांनीं आदल्याच महिन्यांत विकलें होतें. पैसा कोणत्या वर्षापर्यंत पुरेल तें वहींत लिहिलें होतें, आणि त्यासमोर त्या वर्षींचें आपलें वय : ९१.

"तुमच्याकडे काय खर्च येतो?" त्यांनीं विचारलें.

"आमच्या मातोश्री तीन वर्षें अंथरुणावर होत्या. आम्हांस कांहींच खर्च आला नाहीं," आम्ही अंमळ अभिमानानेंच बोललों.

परतीच्या गाडींत आमची मंडळी बराच वेळ खिडकीबाहेर पाहात होती. लूइस स्टेशन मागें पडल्यावर म्हणाली, "अहो, त्या तीन वर्षांसाठीं मीं शिवणाचा वर्ग बंद केला. त्यांत महिन्याला काय मिळत असे, तें तुम्हीं कधीं विचारलेंच नाहीं."

आम्हीं विचारलें. तिनें सांगितलें. मग व्हिक्टोरिया येईपर्यंत भाच्याच्या पेन्सिलीनें आम्ही वर्तमानपत्राच्या समासांत गुणाकार करीत होतों.