पुस्तकं कमी पडायला लागली की

सांगली

चि. मनू,



तुझं पत्र पोचलं. लेकीला आठवं लागायच्या दिवशी भाऊजींना, तुझ्या बाबांना, किंडल द्यायचंय, जावईबापूंना ते फार लवकर वाटतंय आणि तू मधल्यामध्ये अडकलीयस. वयाचा आकडा मात्र माझ्याकडे मागू नकोस. ग्रंथालयाच्या बालविभागात मी इतकी वर्षं काढली. पहिलीतून दुसरीत जातानाच जाडजूड पुस्तकात बुडून गेलेली मुलं पाहिली, आणि सातवीत जाऊनही चार ओळींपुढे न टिकणारी हुशार मुलंही पाहिली. वय बघून कागदी पुस्तकाचं ठरत नाही, तिथे या यंत्राचं कसं ठरेल?

मी एकच खूण पाहते. तिला पुस्तकं कमी पडायला लागली आहेत का? हातातलं संपवून "आई, आता पुढचं दे" म्हणून ती तुझ्यामागे लागते का? लागत असेल तर बेलाशक घ्या, आठवंच काय, सातवं असतं तरी मी घ्या म्हटलं असतं. अजून तूच पुस्तक तिच्यापुढे धरत असशील तर भाऊजींना सांग की त्याच पैशांची कागदी पुस्तकं येऊ देत आणि यंत्र पुढच्या दिवाळीला बघू. किंडल पुस्तकांचा तुटवडा भरून काढतं. वाचनाची ओढ मात्र त्याच्यातून येत नाही, ती आधी लागलेली असावी लागते.

हे ठासून सांगण्याचं कारण आहे. मोबाईल सुटावा म्हणून किंडल आणणारे पालक मी खूप बघितले. ज्या मुलाला हलत्या-बोलत्या चित्रांची चटक लागलीय, त्याच्या हातात तुम्ही एक करडं, मुकं पान देता. त्याला ते नीरस वाटणारच. आठवडाभरात यंत्र कपाटात जातं. तेवढ्यावर भागलं असतं तर फक्त पैसे गेले असते, पण 'वाचन म्हणजे असलं काहीतरी' हा समज त्या मुलाच्या मनात राहून जातो, त्याचं मला वाईट वाटतं.

जावईबापू म्हणतात, स्क्रीन ती स्क्रीनच. त्यांची काळजी रास्त आहे, पण इथे थोडा फरक करायला हवा. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२१ साली मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नकोच, दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि पाच ते दहा वर्षांत दोन तासांच्या आत असं सांगितलंय. ती चिंता मुख्यतः टीव्ही, मोबाईल, टॅबची. किंडलचा पडदा त्या जातीचा नाही. त्याच्या आत अतिसूक्ष्म कुप्या असतात आणि प्रत्येक कुपीत काळे आणि पांढरे असे उलट विद्युतभाराचे कण. पान उलटलं की विजेच्या इशाऱ्यानं हवे ते कण वर येतात आणि तिथेच थांबतात. पुढचं पान उलटेपर्यंत ते अक्षर टिकवायला वीज लागत नाही, म्हणून एकदा चार्ज केलं की आठवडेच्या आठवडे चालतं. कागद दिसतो तसाच हा पडदा बाहेरच्या उजेडात दिसतो. दिवा असलाच तर तो कडेनं पानावर पडतो, मागून डोळ्यांत येत नाही. म्हणून टॅबवर पुस्तकं उतरवून 'हेही तेच' म्हणू नकोस. टॅबवर गोष्ट वाचता वाचता बोट कुठे जाईल ते तुला-मला दोघींनाही ठाऊक आहे. किंडल घेतलं तरी नाकाला लावून वाचू न देणं आणि संध्याकाळी मैदानावर पिटाळणं हे करायचंच, ते कागदी पुस्तकालाही चुकलेलं नाही.

आता तिचं वाचणं नीट बघ. चार-पाच दिवस ती वाचत असताना जवळ बस, पण मधे बोलू नकोस. ओठ हलतात का? बोट ओळीखाली सरकतं का? जोडाक्षर आलं की गाडी अडते का? बालविभागात तिसरीतली एक मुलगी खिडकीशी बसून वाचायची. 'प्रश्न', 'पत्र' हे शब्द ती सहज ओलांडायची, पण 'उत्कंठा' आला की मान किंचित खाली जायची, ओठ दोनदा हलायचे आणि मग नजर त्याच ओळीच्या सुरुवातीला परत यायची. ओळीच्या सुरुवातीला परत यावं लागतंय, म्हणजे गोष्टीचा धागा सुटलाय. अशा मुलाला अजून कागद हवा, मोठा टाइप हवा, शेजारी कुणीतरी मोठं माणूस हवं.

आपल्या लिपीत हे व्हायला वेळ लागतो, त्यात मुलांचा दोष नाही. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांवर केलेला अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. मात्रा आणि जोडाक्षरांसकट सगळी अक्षरं हाताखाली यायला मुलांना प्राथमिक शाळेची बरीच वर्षं लागतात, असं त्यातून दिसलं. इंग्रजीची सव्वीस अक्षरं कधीच पाठ होऊन बसतात, आपली अक्षरं मात्र तिसरी-चौथीपर्यंत नवनवी समोर येत राहतात. तुझ्या लेकीचं तर जास्तच अवघड आहे. जामनगरात शाळा इंग्रजीतून, शाळेत गुजराती, देवनागरी मिळते ती हिंदीच्या तासाला. हिंदीच्या पुस्तकात तिला 'ळ' भेटत नाही, 'दुसऱ्या'तला तो अर्धा र भेटत नाही. मराठी वाचायला ती फक्त तुमच्या घरात शिकणार आहे.

म्हणून एक सूचना. किंडल इंग्रजीसाठी द्यायचं की मराठीसाठी, हे दोन वेगळे निर्णय समज. इंग्रजीत ती कदाचित आजच तयार असेल आणि मराठीत अजून वर्षभर नसेल. तसं असेल तर इंग्रजी गोष्टी यंत्रावर आणि मराठी कागदावर, असं खुशाल चालू दे. पण यंत्र नुसतं इंग्रजीचं होऊ देऊ नकोस. तसं झालं की मुलांच्या मनात इंग्रजी ही नव्या, छान वस्तूची भाषा होते आणि मराठी कपाटातल्या जुन्या पुस्तकांची.

मराठी पुस्तकं किंडलच्या दुकानात आली डिसेंबर २०१६ मध्ये, हिंदी, तमिळ, गुजराती, मल्याळमच्या बरोबरीनं. अमेरिकेत किंडल निघालं २००७ ला. या मागे राहण्याचा परिणाम आजही दिसतो. मोठ्यांसाठीच्या मराठी कादंबऱ्या बऱ्यापैकी आहेत, मुलांचा खण त्या मानानं रिकामा. साने गुरुजी मात्र नक्की मिळतील. ते १९५० मध्ये गेले, आपल्या कायद्यानं लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतात, तेव्हा २०११ पासून त्यांचं लेखन सर्वांसाठी मोकळं आहे. फुकटच्या फायली मात्र आधी तू उघडून बघ. जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये आणताना कुठे कुठे 'पायऱ्या'चं 'पायर्या' होतं, 'वाऱ्यावर'चं 'वार्यावर'. तुझ्या-माझ्या डोळ्यांना ते खुपतं आणि आपण पुढे जातो. जे मूल तो शब्द पहिल्यांदा बघतंय, त्याच्यासाठी तेच बरोबर ठरतं. स्कॅन केलेली पीडीएफही टाळ. सहा इंची पडद्यावर अख्खं पान बसवलं की अक्षर मुंगीएवढं, आणि मोठं करावं तर पान सतत इकडून तिकडे सरकवत बसायचं.

चित्रांच्या पुस्तकांना तर यंत्र नकोच. माधुरी पुरंदरे यांचं 'राधाचं घर' आठवतं ना? अशा पुस्तकात अर्धी गोष्ट चित्रात असते. मूल चित्रावर बोट ठेवून "ही बघ" म्हणतं, तुझ्या मांडीवर सरकतं, पान मागे उलटतं. साध्या किंडलवर ते सगळं करडं आणि चिमुकलं होऊन जाईल. 'प्रथम बुक्स'चं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ २०१५ पासून आहे, त्यावर मराठीत भरपूर गोष्टी आहेत, वाचनाच्या चार पातळ्या लावलेल्या, उतरवून घ्यायला आणि छापायला मोकळ्या. त्यातल्या तिला आवडतील त्या रंगीत छापून आण, दोरा ओवून शिव. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंकही त्यांनी संकेतस्थळावर खुले ठेवलेत. ते तुम्ही दोघी संगणकाच्या मोठ्या पडद्यावर एकत्र बघा.

अभ्यासाची पुस्तकं कागदावरच राहू देत. यात माझं मत थोडं आणि संशोधकांचं जास्त. २०१८ मध्ये देल्गादो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५४ अभ्यास एकत्र तपासले, एक लाख सत्तर हजारांवर माणसांचे. माहितीपर मजकूर कागदावर जास्त नीट समजतो, वेळेचं बंधन असलं की हा फरक वाढतो. नुसत्या गोष्टींच्या बाबतीत फरक आढळला नाही. म्हणजे परिसर अभ्यास कागदावर, गोष्ट कुठेही. गोष्टीतही एक बारीक कंगोरा आहे. नॉर्वेच्या आन मांगेन आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी ५० तरुण वाचकांना २८ पानांची रहस्यकथा दिली, निम्म्यांना छापील, निम्म्यांना किंडलवर. बहुतेक बाबतींत दोघे सारखेच निघाले, पण कुठली घटना आधी आणि कुठली नंतर, हे छापील वाचणाऱ्यांनी जास्त बरोबर सांगितलं. मला ते लगेच पटलं. कागदी पुस्तकात डाव्या हातातली जाडी वाढत जाते, उजव्या हातातली कमी होते, 'चोर सापडला तेव्हा थोडीच पानं उरली होती' हे बोटांना आठवतं. हा हिशेब पुष्कळ पुस्तकं हाताळून बोटांत मुरलेला असेल तरच यंत्रावर त्याच्याविना भागतं.

ती अनोळखी शब्दांचं काय करते तेही बघ. किंडलवर शब्दावर बोट दाबून धरलं की अर्थ येतो, शोधलेले शब्द एका यादीत जमतात. इंग्रजीसाठी ही सोय फार चांगली. पण काही मुलं दर ओळीत दोनदा बोट दाबतात आणि गोष्ट तिथल्या तिथे मरते. अनोळखी शब्द आला तरी संदर्भानं अंदाज बांधून पुढे जाण्याची हिंमत जिच्यात आलीय, तीच या सोयीचा नीट उपयोग करते. कागदावर वाचताना ती दर वेळी "याचा अर्थ काय?" विचारत असेल तर थोडं थांबा.

घेतलंच, तर पहिल्या दिवशी या गोष्टी कर. दुकान आणि ब्राउझर पासवर्ड लावून बंद कर. पानाच्या तळाशी टक्के दिसतात, प्रकरण संपायला किती मिनिटं उरली तेही दिसतं, ते काढून टाक. मुलं टक्क्यांच्या मागे धावायला लागली की वाचन राहतं बाजूला. अक्षर मोठं कर, पण फार मोठं नको. मराठी शब्द लांब, एका ओळीत तीनच बसले की मधे भोकं पडतात आणि डोळा अडखळतो. आणि एका वेळी यंत्रावर चारच पुस्तकं ठेव. शंभर भरून दिलीस तर ती प्रत्येकाचं पहिलं पान वाचेल.

एक सल मात्र राहतोच, आणि तो तिला समजेल अशा शब्दांत आधीच सांग. किंडलवरचं पुस्तक आपल्या मालकीचं नसतं, वाचायची परवानगी तेवढी असते. २००९ साली ॲमेझॉननं अमेरिकेतल्या ग्राहकांच्या किंडलवरून विकलेल्या प्रती परत काढून घेतल्या होत्या, हक्कांच्या भानगडीमुळे, आणि त्यातलं एक पुस्तक ऑर्वेलचं '१९८४' होतं. मोठ्यांना त्याचं हसू येईल. पण तिच्या वयाच्या मुलीला पहिल्या पानावर नाव घालायचं असतं, मैत्रिणीला 'परत दे हं' असं बजावून पुस्तक द्यायचं असतं. तेव्हा तिला फार आवडलेलं प्रत्येक पुस्तक नंतर कागदावरही घ्या, मग तिला तेही करता येईल. महाग पडेल हे मान्य, पण तिथे तुमच्याजवळ मराठी ग्रंथालय नाही, तिच्या कपाटातली पुस्तकंच तिचं ग्रंथालय.

माझा कल कुठे ते तुला कळलं असेल. तू लिहिलंयस की उन्हाळ्यात मी पाठवलेली पुस्तकं तिनं दोन-दोनदा वाचली आणि आता ती तुझ्या स्वयंपाकाच्या पुस्तकातल्या कृतीसुद्धा वाचते. याचा अर्थ तिला पुस्तकं कमी पडतायत. तेव्हा भाऊजींना हो म्हण. जावईबापूंना हे पत्र वाचायला दे. वाढदिवसापर्यंत तिच्या वाचनाकडे मी सांगितलं तसं लक्ष दे, आणि मराठी वाचताना ती ओळीच्या सुरुवातीला फार वेळा परत येत असेल तर मला फोन कर, मराठीचं आपण पुढे ढकलू.

शेवटचं एक काम आहे. प्रत्येक किंडलला स्वतःचा ईमेल पत्ता असतो आणि खात्यात ज्यांना मंजुरी दिलीय त्यांनी पाठवलेला मजकूर थेट त्यावर उतरतो. माझा ईमेल पत्ता त्या यादीत घाल. तुझ्या आजीच्या भुताच्या गोष्टी, कृष्णेच्या पुराच्या, हरिपूरच्या वाटेवरच्या चिंचांच्या, मी युनिकोडमध्ये टाइप करायला घेतल्यायत, जोडाक्षरं तपासून. पहिल्या दोन तयार आहेत. यंत्र आलं की कळव, म्हणजे त्याच रात्री पाठवीन.

तुझी,
मावशी