ताप

गेल्या वैशाखात सदाशिव पेठेतल्या माडीवर कादंबरीचे शेवटचे प्रकरण लिहीत होतो, तो संगणक सारखा बंद पडू लागला. भाचा म्हणाला, "मामा, ह्याला ताप चढतोय."

प्रोसेसरच्या पोटातच तापमापक असतो. पण तो वाचायचा अधिकार कर्नेलचा, म्हणजे संगणकाच्या मुख्य कारभाऱ्याचा. देवघरात सोवळ्यातल्यानेच शिरावे, इतरांनी उंबऱ्याबाहेरून विचारावे, तसे! त्यातून इंटेलचा तापमापक ताप सांगतच नाही. धोक्याच्या रेषेला किती अंश उरले, एवढेच सांगतो. रेषा १००ची, उरले ६. लिनक्सचा कर्नेल वजाबाकी करून ९४ दाखवतो.

भाच्याने पंख्यातली धूळ झटकली. आकडा ६८वर उतरला.

खाली आई निजून होती. दोन दिवस विचारावे तेव्हा म्हणे, "अजून सोसवतंय रे." मी जिना उतरलो आणि थर्मामीटर शोधू लागलो.