उस्ताद, मिस्त्री आणि पुढचा ब्रेक

मागच्या जुलैत कराडहून चिपळूणला परतताना कुंभार्ली घाटात माझी गाडी एका ट्रकखाली जाता जाता राहिली. धुकं होतं, पाऊस होता आणि पोफळीच्या वरच्या एका वळणावर पुढचा ट्रक एकदम थांबला. मी सवयीने पायातला ब्रेक दाबला. मागचं चाक जाम झालं आणि गाडीची शेपटी डावीकडे सरकू लागली. मागे बसलेला मुलगा ओरडला, "अब्बा, पुढचा!" पुढचा दाबला तर लिव्हर पार मुठीला टेकली. ट्रकच्या फाळक्यापासून हातभर अंतरावर आम्ही थांबलो. थांबलो ते ब्रेकमुळे की चढाकडे वळलेल्या बाजूपट्टीतल्या चिखलामुळे, हे आजही सांगता येणार नाही.

गाडी पल्सर 150. शिक्षणसेवकाची वर्षं संपवून नोकरीत कायम झालो तेव्हा, 2009 साली घेतलेली. मोहल्ल्यात तेव्हा तिचा रुबाब होता. आता मुलगा अठरा वर्षांचा झाला, लायसन्स निघालं आणि न सांगताच ती त्याची होऊ लागली. घाटातून घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच विचार होता, की ही गाडी या ब्रेकसकट मी त्याच्या हातात देणार आहे.

पुढचा ब्रेक मी कधी वापरलाच नव्हता म्हटलं तरी चालेल. मला गाडी शिकवताना वडिलांनी पहिला धडा दिला होता, "पुढचा दाबू नकोस, तोंडावर आपटशील." ओल्या खडीवर हॅंडल वाकडं असताना करकचून दाबला तर माणूस आपटतो, हे खरंच. पण त्या एका वाक्यावर मी वीस-बावीस वर्षं काढली. वेग कमी होताना गाडीचं वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं चाक हलकं होतं आणि हलकं चाक रस्ता धरत नाही. म्हणजे थांबवण्याचं बहुतेक काम पुढच्या चाकाचं, आणि मी त्यालाच सुट्टी दिलेली.

मुलाने आधीच बरंच वाचून ठेवलं होतं. आमच्या गाडीची पुढची डिस्क 240 मिलिमीटरची आणि मोठ्या भावाची, म्हणजे पल्सर 220 ची, 260 ची. तीच बसवायची. खरं तर त्याला ड्यूक 200 चा चार पिस्टनचा कॅलिपर हवा होता. शिवाय इंटरनेटवरून त्याने लाल रंगाचा एक चकाचक मास्टर सिलिंडर मागवून टाकला होता, तोही ईदीच्या पैशांतून.

ज्या गॅरेजात तो मला घेऊन गेला तिथला मिस्त्री मला पाहून उभा राहिला. हात फडक्याला पुसत म्हणाला, "सलाम सर." मी ओळखलं. नववीत शाळा सोडलेला आमचाच विद्यार्थी. सोडलेला म्हणणं सोपं आहे. त्याच्या आईला शाळेत बोलावून, "याच्या डोक्यात काही शिरत नाही, कुठं तरी कामाला लावा," असं सांगणारा मी होतो. शुद्धलेखनाच्या वहीत त्याची पानं लाल असायची. उर्दूतही, मराठीतही. गॅरेजातली दोन पोरं आता त्याला "उस्ताद" म्हणून हाक मारत होती. मी उर्दू शिकवतो, त्यामुळे हा शब्द कानाला जरा जास्तच लागला. मिस्त्री हा शब्दसुद्धा पोर्तुगीजांच्या 'मेस्त्र'वरून आला आणि त्याचाही मूळ अर्थ गुरू असाच. त्या टपरीवजा गॅरेजात बीएडचं प्रमाणपत्र असलेला मी एकटाच होतो, एवढंच.

त्याने ड्यूकचा कॅलिपर पहिल्याच वाक्यात उडवला. "तो रेडियल आहे सर. त्याचे बोल्ट वेगळ्या दिशेने बसतात. आपल्या शॉकअपला तसे कान नाहीत. पट्टी कापून, वेल्डिंग मारून लोक बसवतात, पण मी तुमच्या गाडीला वेल्डिंगचा ब्रेक लावणार नाही."

मग 260 ची डिस्क. मला वाटलं होतं, जुनी काढली, मोठी लावली, झालं. पण व्यास वीस मिलिमीटरने वाढला तर कॅलिपर दहा मिलिमीटर बाहेर सरकायला हवा आणि त्याची जागा तर शॉकअपच्या पायावर ओतलेली असते. शिवाय आमच्या शॉकअपची नळी 31 मिलिमीटरची, 220 ची 37 ची. म्हणजे वरखालचे टी, दोन्ही शॉकअप, चाक, एक्सल, मडगार्ड, कॅलिपर असा सगळा पुढचा भागच उचलून आणायचा. "अर्धं दुसरीचं, अर्धं आपलं करू नका. अख्खं कुटुंब आणा," तो म्हणाला.

जुन्या पार्टच्या बाजारात असा माल लगेच मिळतो. पण तो कुणाच्या चोरलेल्या गाडीचा असेल, ही शंका मला सोडेना. मुलगा वैतागला. हरामाच्या ब्रेकवर मुलाला बसवायचं माझ्या मनाला पटेना, मग तो कितीही चांगला लागो. शेवटी कराडजवळच्या एका भंगारवाल्याकडे मागून धडक बसलेली 220 मिळाली, विम्याच्या कागदांसकट. पावतीसह साडेनऊ हजार. उस्तादाने शॉकअपच्या नळ्या काचेच्या तुकड्यावर लोळवून पाहिल्या. वाकलेली नळी काचेवर डुगडुगते. या सरळ लोळल्या. चाक फिरवून डिस्क लचकते का तेही पाहिलं. ऑइल सील, पॅड आणि ब्रेकचा पाइप मात्र नवा घ्यायला लावला. "रबराचं वय दिसत नाही सर."

आरसीवर ब्रेकचा तपशील नसतो, पण मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीतल्या बदलांवर बंधनं घालतं. म्हणून विमा कंपनीला लेखी कळवून ठेवलं. त्या पत्राचं उत्तर अजून आलेलं नाही.

बसवाबसवीला दीड दिवस लागला. आणि मग गंमत झाली. मुलाच्या हट्टाने तो लाल मास्टर सिलिंडर लावला आणि लिव्हर दगडासारखी घट्ट झाली. दाबावं तर जरा हलते नि थांबते. मुलगा खूश, म्हणाला, "बघा, किती टाइट!" चालवून पाहिली तर गाडी पूर्वीपेक्षाही थांबायला तयार नाही.

उस्तादाने खडू घेतला आणि फरशीवर दोन वर्तुळं काढली. "हा मास्टर दोन डिस्कवाल्या मोठ्या गाडीचा आहे. याच्यावर 14 लिहिलंय. समजा आपल्याला 12 चा पाहिजे. फरक दोनचा दिसतो, पण तो दोनचा नसतो. बाराचा वर्ग 144. चौदाचा 196. हाताचा जोर तेवढाच, पण तो मोठ्या तोंडावर पसरला. म्हणजे ऑइलवर दाब कमी. तेवढाच ब्रेक लागायला हाताला तिसऱ्या हिश्शाहून जास्त जोर लावावा लागणार." मग डिस्कवर हात ठेवून म्हणाला, "आणि 240 ची 260 केली त्याने मिळाले शंभरात आठ. आठ कमावले आणि तिकडे चौथा हिस्सा घालवला."

मी फरशीवरचे आकडे पाहत राहिलो. या मुलाला गणितात कधी पस्तीस पडले नव्हते. गणित माझा विषय नव्हता, पण "डोक्यात शिरत नाही" हे मी सगळ्या विषयांच्या वतीने सांगून टाकलं होतं. आम्ही त्याला वर्तुळाचं क्षेत्रफळ नक्की शिकवलं असणार. फक्त त्या वर्तुळात दाबायला काही ठेवलं नव्हतं.

लाल सिलिंडर काढला, 220 चाच लावला. ब्रेक ऑइल बदलताना जुनं ऑइल त्याने काचेच्या ग्लासात काढून दाखवलं, काळ्या चहासारखं. "किती वर्षांनी बदललं होतं सर?" कधीच नाही. हे ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. घाटात ब्रेक तापला की त्या पाण्याची वाफ होते, मग लिव्हर दाबली तरी वाफ दबते आणि जोर पॅडपर्यंत पोचत नाही. दोन वर्षांनी बदलायचं असतं. माझा अंदाज असा, की कुंभार्लीत मुठीला टेकलेल्या लिव्हरचं निम्मं कारण त्या ग्लासात होतं. फक्त शंभर-दीडशे रुपयांचं. ते मुलाला सांगितलं तर म्हणाला, "मग हे साडेनऊ हजार?" वाया गेले नाहीत. दोन बोटांनी गाडी थांबते, पुढचं टायरही रुंद आलं. पण कुणी मला विचारलं तर मी आधी ऑइल, पाइप आणि पॅड बदला, मग बाकीचं बघा, असंच सांगेन.

आता दोन रविवार सकाळी आम्ही खेर्डी एमआयडीसीच्या रिकाम्या रस्त्यावर जातोय. नवे पॅड डिस्कला बसायला हळूहळू तीस-चाळीसदा थांबावं लागतं, ते झालं. गाडीला एबीएस नाही. 125 सीसीवरच्या गाड्यांना ते सक्तीचं झालं 2019 च्या एप्रिलपासून, आमची त्याच्या फार आधीची. म्हणजे हा नवा ब्रेक एकदम आवळला तर पुढचं चाकही जाम करेल आणि वडील म्हणाले तसं होईल. लिंबू पिळल्यासारखा दाबायचा, आधी हलका, वजन पुढे आलं की जोरात. मुलाला दोन दिवसांत जमलं. माझा पाय अजून आधी पुढे जातो.

ब्रेक चांगला झाल्यापासून तो वेगाने चालवू लागलाय, हे मला आवाजावरून कळतं. त्याला मी वर्गाचंच गणित घातलं. चाळीसचा साठ केलास तर वेग दीडपट, पण ब्रेकने जिरवायची ऊर्जा सव्वादोन पट. आणि साठला असताना डोळ्यांनी पाहून हाताने दाबेपर्यंत एक सेकंद गेला तरी सतरा मीटर गेले. त्या सतरा मीटरांत कुठलीच डिस्क काही करत नाही. त्याने मान हलवली. वर्गातली मुलंही अशीच हलवतात.

मजुरीचे पैसे द्यायला गेलो तेव्हा उस्तादाने घ्यायला नाही म्हटलं. मी टेबलावर ठेवले. निघताना तो दारापर्यंत आला आणि पोरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "सर, तो दहावीचा सतरा नंबरचा फॉर्म कधी भरायचा असतो? एजन्सीवाले दहावी पास मागतात. पण मराठीचा पेपर मला जमणार नाही."

शाळा सोडल्याचा त्याचा दाखला आमच्याच ऑफिसच्या कपाटात आहे. सोमवारी काढून आणतो म्हणालो. रात्री साडेआठला गॅरेज बंद होतं, त्यानंतर तासभर तो मोकळा असतो.