एक मूठ युरिया

वाचकहो, पालक निवडताना आपण त्याचे देठ टाकता, की बारीक चिरून भाजीत घालता? आमच्या घरी देठ टाकणे ही उधळपट्टी समजली जाई. गेल्या श्रावणापर्यंत मीही याच मताचा होतो, आणि परसात स्वतः पिकवलेल्या पालकाचा देठ टाकणे तर मला अपमानच वाटला असता.

निवृत्तीनंतर साताऱ्यातील आमच्या घरामागे मी दहा फूट लांब व पाच फूट रुंद असा एक वाफा केला. शेजारच्या आंब्याची सावली त्यावर दुपारपर्यंत असते. आषाढात पालक पेरला. पण रोपे फिकट व रोड निघाली. ऊस पिकवणाऱ्या चुलतभावाने ती पाहिली आणि गोणीत उरलेला दोनेक किलो युरिया डब्यात भरून दिला. ‘आठवड्याला एक मूठ फेक, मग बघ,’ असे तो म्हणाला. मी फेकली. पंधरा दिवसांत वाफ्याचे रूप पालटले. तळहाताहून मोठी, काळसर हिरवी, लुसलुशीत पाने आणि करंगळीएवढे जाड देठ! गल्लीत चार घरी जुड्या वाटल्या. शेजारच्या काकूंनी मात्र एवढेच सांगितले, की भाजीला पाणी फार सुटले आणि दुसऱ्या दिवशी पाने मलूल पडली. मी ते मनावर घेतले नाही. पानांमागे मावा दिसू लागला, तोही पावसाचा म्हणून सोडून दिला.

त्याच सुमारास मुलगी सात महिन्यांच्या बाळाला घेऊन माहेरी आली. नातीला वरचे अन्न नुकतेच सुरू झाले होते. आजोबांच्या वाफ्यातला पालक वाफवून, घोटून तिला भरवण्याचा मान अर्थातच मी मागून घेतला. सकाळी केलेला लगदा वाटीत झाकून ओट्यावर ठेवावा आणि दुपारी, कधी दिवेलागणीला, उरलेला भरवावा असा क्रम चालू झाला. चौथ्या दिवशी बाळाला जुलाब झाले. ‘पालकाने ताकद येईल,’ म्हणून मी त्याही दिवशी दोन चमचे दिले.

बालरोगतज्ज्ञांनी काय काय खाऊ घातले ते विचारले. पालकाचे नाव येताच त्यांनी बाळाची नखे व ओठ उजेडात निरखून पाहिले. त्या दोन-तीन क्षणांत आम्ही तिघेही श्वास रोखून त्या इवल्याशा ओठांकडे पाहत होतो. ओठ गुलाबी होते. डॉक्टर हसले, आणि मग त्यांनी जे सांगितले ते मी आजवर विसरलेलो नाही: जुलाब थांबेपर्यंत पालक अजिबात नको, एरवी थोडा द्या, पण शिजवून ठेवलेला कधीही नको. जुलाब कशाने झाले, याविषयी त्यांनी कुणाला दोष दिला नाही. परतताना मुलगी रिक्षात एक शब्दही बोलली नाही. घरी आल्यावर तिने ओट्यावरची वाटी उचलली आणि मोरीत रिकामी केली.

ओठ का पाहिले, हे समजून घेण्यासाठी मी पुढे बरेच वाचले. पालक मुळांवाटे नत्र घेतो तो मुख्यतः नायट्रेटच्या रूपाने. युरियात 46 टक्के नत्र असते. मातीतले जिवाणू त्याचे आधी अमोनियम आणि मग नायट्रेट करतात. पानात या नायट्रेटपासून प्रथिने घडायची, तर त्यासाठी लागणारी शक्ती सूर्यप्रकाशातून यावी लागते. आपल्या भाषेत सांगायचे तर कोठारात शिधा येऊन पडला, पण चूलच पेटली नाही, तर स्वयंपाक कसा होणार? माझ्या वाफ्यावर श्रावणातले ढग होते, वर आंब्याची सावली होती, आणि शिधा मी मुठीमुठीने ओतत होतो. न शिजलेला हा शिधा पानापेक्षा देठात अधिक साठतो. म्हणजे ज्या जाड देठांचा मला अभिमान होता, तेच कोठार होते. (श्रावणात पालेभाजी वर्ज्य मानणाऱ्या आमच्या आजीला नायट्रेट ठाऊक होते, असे मात्र मी म्हणणार नाही. ती चिखलाचे आणि किड्यांचे कारण सांगे, आणि तेही खरेच होते.)

नायट्रेट स्वतः फारसे उपद्रवी नाही. शिजवलेली भाजी उबदार जागी ठेवली, की जिवाणू त्याचे नायट्राइट करतात. जुलाबाने बिघडलेल्या कोवळ्या पोटातही तेच घडू शकते. नायट्राइटमुळे रक्तातल्या हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची क्षमता जाते आणि बाळ निळसर दिसू लागते. विहिरीच्या नायट्रेटयुक्त पाण्याने तान्ही बाळे अशी निळी पडतात, हे अमेरिकेतील आयोवा राज्यातील डॉक्टर हंटर कॉम्ली यांनी 1945 मध्ये दाखवून दिले होते. सर्वाधिक धोका पहिल्या काही महिन्यांत असतो. आमची नात त्यातून नुकतीच बाहेर पडली होती, हे आमचे नशीब.

मग मी कागद-पेन्सिल घेतली. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी नायट्रेटचे रोजचे प्रमाण शरीराच्या दर किलो वजनामागे 3.7 मिलिग्रॅमपर्यंत ठरवले आहे. आठ किलोच्या बाळाला ते जेमतेम 30 मिलिग्रॅम होते. युरोपात ताज्या पालकात किलोमागे 3500 मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालते. त्या टोकाचा पालक असेल, तर नऊ ग्रॅमांतच बाळाचा हिशेब पुरा होतो. ही आयुष्यभर रोज खाण्याची मर्यादा आहे, विषाची रेषा नव्हे, हे खरे. तरी नऊ ग्रॅम म्हणजे किती, ते आपण एकदा तराजूत पाहा.

तराजूवर मी माझी मूठही मोजली: 70 ग्रॅम. पालकाला हेक्टरी 80 किलो नत्र धरले, तर माझ्या वाफ्याला सगळ्या हंगामात सुमारे 80 ग्रॅम युरिया पुरे, तोही दोन-तीन हप्त्यांत. मी चार मुठी, म्हणजे 280 ग्रॅम घातला होता. साडेतीनपट! नत्र हळूहळू सुटावे म्हणून आपल्याकडे युरियाला निंबोळी तेलाचा लेप देतात. माझ्या उतावळेपणापुढे त्या लेपाने तरी काय करावे! शिवाय नत्राचा असा मारा झाला, की पानातले पाणी वाढते आणि क जीवनसत्त्व घटते. शेजारच्या काकूंची जीभ माझ्याआधी हे ओळखून होती.

येथे आपण म्हणाल, की मग सेंद्रियच बरे. मीही तसेच म्हणालो होतो. कार्तिकात, आकाश निवळल्यावर आणि आंब्याच्या चार फांद्या शेजाऱ्यांच्या संमतीने छाटल्यावर, मी वाफ्याचे तीन पट्टे केले. एकात काहीच घातले नाही. दुसऱ्यात नुसते कुजलेले शेणखत. तिसऱ्यात शेणखत आणि दोन हप्त्यांत चमचाभर युरिया. पहिल्या पट्ट्यातला पालक पिवळट व खुरटा राहिला. दुसरा आठवडाभर उशिरा, पण दाट आला. तिसरा वेळेवर आला, आणि चवीत मला दुसऱ्याहून फारसा वेगळा वाटला नाही. माझ्याजवळ प्रयोगशाळा नाही, जीभ आहे. आणि दोन्ही जुड्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या तेव्हा तिसऱ्या दिवशीही ताठ होत्या. शेणखतात नत्र अर्धा टक्काच असते आणि ते सावकाश सुटते, त्यामुळे हात सैल सुटला तरी सहसा घात होत नाही. कोंबडीखताचे तसे नाही. ते भरपूर घातले, तर नायट्रेट तेवढेच साठते. नत्र गोणीतून आले की गोठ्यातून, हे पानाला कळत नाही. आणि ओले शेण पालेभाजीला घालू नये, हे तर आग्रहाने सांगतो. त्यातले रोगजंतू व जंतांची अंडी थेट पानावर चढतात. चार महिने नीट कुजू द्यावे.

विकतची भाजी आणणाऱ्यांनी घाबरून जाऊ नये. प्रौढ माणसाला पालेभाजीपासून होणारा लाभ या भीतीहून कितीतरी मोठा आहे; तिच्यातल्या नायट्रेटमुळे रक्तवाहिन्या सैलावतात, असेही दिसून आले आहे. अवाढव्य पाने व जाड देठ असलेल्या जुडीपेक्षा मध्यम पानांची घ्यावी, ती त्याच दिवशी संपवावी, वर लिंबू पिळावे. लहान मुलांसाठी देठ काढावेत. पाने उकळून पाणी टाकले तर नायट्रेट बरेच कमी होते, मात्र त्याबरोबर क जीवनसत्त्वही जाते; म्हणून मोठ्यांच्या भाजीसाठी मी तसे करू देत नाही. घरची भाजी असेल, तर सकाळपेक्षा संध्याकाळी खुडावी. दिवसभराच्या उन्हात पानाने आपला बराच शिधा शिजवलेला असतो.

युरियाचा डबा मी चुलतभावाला परत केला. ‘भाजी नाही का आली?’ असे त्याने विचारले. ‘फार आली,’ एवढेच मी म्हणालो.

संक्रांतीला मुलगी आली, तेव्हा नात चालू लागली होती. मी पालकाची जुडी पुढे केली, आणि ती घेतली जाईल की नाही, याची मला खात्री नव्हती. मुलीने एक पान मोडून पाहिले, देठ नखाने दाबला. ‘बाबा, कधी खुडलात?’

‘आत्ता. पाच वाजता.’

तिने ताटली घेतली, आणि नातीपुरती पाने देठ काढून वेगळी करू लागली.