मेंदूची जागा कोणाची?

आम्हाला 'मेरिट' शिकवायला येणाऱ्यांपुढे आम्ही हल्ली विली लॅनियर हे नाव ठेवतो. समोरच्याला ते माहीत नसतं. आमच्यातल्याही बऱ्याच जणांना नव्हतं. अमेरिकन फुटबॉल आपल्याकडे पाहतो कोण?

या खेळात बचावाच्या मधोमध मिडल लाइनबॅकर उभा असतो. समोरचे कसे उभे राहिलेत, चेंडू कुठे जाणार, हे ओळखून सहकाऱ्यांना हाक देणं त्याचं काम. बचावाचा मेंदूच तो. १९६० च्या दशकात ही जागा जवळपास गोऱ्यांसाठी राखीव होती. क्वार्टरबॅक आणि सेंटरचंही तेच. काळ्यांनी धावावं, धडका द्याव्यात. विचार गोरे करतील. नियमपुस्तकात हे कुठेच नव्हतं. न लिहिलेलं आरक्षण किती पक्कं असतं, ते आपल्याला ठाऊक आहे. पुण्याच्या मैदानावर घडलेल्या पालवणकर बाळू यांनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले, पण हिंदू संघाचं कप्तानपद त्यांना कधी मिळालं नाही. हात चालतो, हुकूम चालत नाही!

लॅनियर यांचा जन्म १९४५ चा, व्हर्जिनियातला. शिकले बाल्टिमोरच्या मॉर्गन स्टेट या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजात. १९६७ मध्ये कॅन्सस सिटी चीफ्सने त्यांना दुसऱ्या फेरीत निवडलं. त्याच फेरीत, त्यांच्या आधी, नोत्र दामचा गोरा जिम लिंच निवडला होता. जागा एक, दावेदार दोन. प्रशिक्षक हँक स्ट्रॅम यांनी मधली जागा लॅनियर यांना दिली. लिंच बाजूच्या जागेवर गेला आणि पुढे अकरा हंगाम दोघं एकाच संघात खेळले. संघ काही बुडाला नाही.

पहिल्याच हंगामात डोक्याला जबर मार बसून लॅनियर मैदानावर कोसळले. डोकं घालून भिडण्याची त्यांची पद्धत होती. ती त्यांनी मोडली, हातांनी कवटाळून पाडायला शिकले, हेल्मेटवर बाहेरून जाड गादी बसवून घेतली. ज्यांना नुसती ताकद म्हणून मोजलं जात होतं, त्यांनी स्वतःचा खेळ विचारपूर्वक बदलला. आमच्या मते सगळ्यांत मोठी गोष्ट हीच.

डिसेंबर १९६९. न्यू यॉर्कमध्ये जेट्सचा संघ चीफ्सच्या गोलरेषेपासून जेमतेम एका यार्डावर. लॅनियर यांनी साथीदारांना जीव तोडून विनवलं, रेषा ओलांडू द्यायची नाही. तीनही प्रयत्न अडवले गेले. सामना १३-६ ने जिंकला आणि ११ जानेवारी १९७० ला मिनेसोटा व्हायकिंग्जला २३-७ ने हरवून सुपर बोलही.

१९७७ पर्यंत ते खेळले. प्रतिस्पर्ध्याने फेकलेला चेंडू त्यांनी २७ वेळा मधेच टिपला, आणि त्यासाठी तो कुठे येणार हे आधी कळावं लागतं. १९८६ मध्ये त्यांना हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं. मेरिटवाल्यांना हा आकडा सांगितला की ते विषय बदलतात.